बांधावरची डीपी

“सून मुकीच दिसते. बरंय, या घरात बोलायला मी एकटा पुरतो!” ओसरीवर बळवंतराव पाहुण्याच्या कानाशी लागले होते. आत चहा गाळणाऱ्या केशरनं, त्यांच्या नव्या सुनेनं, ते ऐकलं आणि गाळणी जरा जोरातच आपटली.

वस्तीला वीज देणारी डीपी बळवंतरावांच्या बांधावर उभी होती, म्हणून तिच्या फ्यूजपेटीला त्यांनी आपलं कुलूप ठोकलं होतं. फ्यूज उडाला की वस्तीनं दारी यायचं, हात जोडायचे, तेव्हा किल्ली मिळायची. आज पाण्याची मोटर बंद पडली आणि हिराकाकू रिकामी घागर घेऊनच आल्या.

“आबा, वीज सार्वजनिक असते. वायरमन खोळंबलाय, पेटी तेवढी उघडा.”

“सार्वजनिक म्हणजे कुणाचीच नाही,” बळवंतराव मिशीवरून हात फिरवत म्हणाले. “आणि जे कुणाचंच नाही, ते ज्याच्या बांधावर, त्याचं! उद्या या.”

केशर चहा घेऊन बाहेर आली. गच्चीवर कुरडया वाळत घालताना तार कुठून येते, ते ती रोज पाहत होती. तिनं कप ठेवले, पदर सावरला आणि ओसरीवर पहिल्यांदाच तोंड उघडलं.

“मामंजी, तुमचा नियम मला पटला. पण आपल्या डीपीत वीज येते ती वस्तीच्या रानातून, हिराकाकूंच्या बांधावरच्या खांबांवरून. ज्याच्या बांधावर त्याचं म्हटलं, तर ती आधी त्यांची झाली. मग आता हात जोडायला कुणी कुणाच्या दारी जायचं?”