अलगद सुटणारा गोंद

बाटल्या बोलायच्या तेव्हाची गोष्ट. खोटी वाटली तर कुठल्याही बाटलीला विचारा.

कोकम सरबताची एक बाटली रडवेली झाली होती. खळीने चिकटवलेलं लेबल बर्फाच्या पाण्यात गळायचं. राळेने चिकटवलेलं जन्मात निघत नसे, म्हणून तशा बाटल्या पुन्हा न भरता भंगारात जात.

“ताई, मी धरतो,” नवा गोंद म्हणाला.

“हा शेंबडा?” राळ हसली.

गोंद दिवसभर बर्फात घट्ट बसला. लेबलाचा कोपरासुद्धा हलला नाही. बाटली रिकामी होऊन परतली, कढत पाण्यात उतरली, तसा तो अलगद सुटला.

“दमलास होय रे?” राळेने टोमणा मारला.

“नाही आक्का. तिला पुन्हा भरायचंय.”

“बाई गं, धरलं कसं आणि सोडलं कसं!” खळ बघतच राहिली.

लखलखीत बाटली सरबत भरून घ्यायला निघाली. राळेची बाटली भंगाराच्या पोत्यात पडली होती. लेबल मात्र शाबूत होतं.