साहेबांच्या बंगल्याची किंमत

मी इतकी वेंधळी, की प्रशिक्षणात भलत्याच फ्लॅटची मापं घेऊन आले, वर त्यांचा चहाही प्यायले. तरी शेहेचाळिसाव्या वर्षी लेखी परीक्षा पास झाले. आता घरांची किंमत ठरवायचा परवाना दाभाडकरसाहेबांच्या एका सहीवर अडला होता.

साहेबांनी मोबाइलवर स्वतःचा बंगला दाखवला. "सांगा बाई, किंमत किती?"

कमी सांगितली तर साहेब चिडणार, जास्त सांगितली तर म्हणणार, हिला काही येत नाही.

मी म्हटलं, "साहेब, परवाना नसताना किंमत सांगायची नाही, हा तुमचाच नियम. मोडू का?"

साहेबांनी चष्मा पुसला आणि सही केली.

मी खुशीत विचारलं, "आता सांगू किंमत?"

"नको. आता तुम्ही फी घ्याल."