मेडुसाचे डोळे

"सांगा की अण्णा, यात आता काय कमी आहे?"

सुकुमारनं नुकतंच पाडलेलं चांदीचं नाणं भूपालअण्णांच्या तळहातावर ठेवलं.

अण्णा हुपरीत नाणी पाडायचे पोलादी ठसे कोरायचे. संग्राहकांसाठी ग्रीक पुराणातल्या पात्रांच्या नाण्यांची मालिका करायचं काम त्यांच्याकडे आलं होतं. त्यातली मेडुसा त्यांनी सुकुमारला दिली होती. केसांच्या जागी साप असलेली, जिच्या डोळ्यांत बघणारा जागच्या जागी दगड होतो, ती.

अण्णांकडे एक रीत होती. त्यांनी होकार दिला, तरच शिष्यानं ठशाच्या कडेला आपली खूण कोरायची. सुकुमार कित्येक वर्षं त्या होकाराची वाट बघत होता.

अण्णांनी भिंग डोळ्याला लावलं.

"एका सापासारखा दुसरा नाही, अण्णा. खवला अन् खवला वेगळा काढलाय."

"दिसतंय."

"देवांचा राजा झ्यूस तुम्ही कोरलाय. पण राग मानू नका, लोक आधी माझं नाणं उचलतील."

"उचलू देत. माझा झ्यूस तसाही म्हातारा झालाय."

अण्णा बघतच राहिले. मधेच त्यांनी चहा घेतला. मान खाजवली. पुन्हा भिंग लावलं.

"एवढं काय बघताय?"

"तिच्या डोळ्यांत बघतोय."

"मग?"

"चहा पिऊन झाला... मी अजून दगड झालो नाही."

सुकुमार हसला. अण्णा हसले नाहीत.

"अण्णा, ती पुराणातली गोष्ट. नाण्याकडे बघून कोण दगड होतो?"

"कोरताना तुझा हात कधी अडला?"

"माझा? एकदाही नाही."

"डोळ्यांपाशी आल्यावर?"

"डोळे तर सगळ्यात झटपट झाले."

"भीती वाटली नाही?"

"कुणाची?"

अण्णांनी भिंग खाली ठेवलं. नाणं परत त्याच्या हातात दिलं.

...

"मग खूण कोरू ना?" सुकुमारनं विचारलं. आवाज जरा उतरला होता.

"कोर की. यात तुझ्याशिवाय दुसरं कुणीच नाही. मेडुसासुद्धा."

...

दुसऱ्या दिवशी सकाळी सुकुमारनं तो ठसा घासून सपाट केला. अण्णा मदतीला उठले, तर त्यांना त्यानं हात लावू दिला नाही.