आमटीची चव

“मग अडचण काय आहे, भामाक्का? पोरगी ठणठणीत आहे की!”

इंगवले साहेब विचारत होते. मुलींच्या बालगृहात येऊन ते बाल कल्याण समितीसाठी अहवाल लिहीत. वय सव्वीस, पण आपल्याला माणसं एका नजरेत कळतात, असं त्यांचं स्वतःबद्दल ठाम मत होतं. भामाक्का तिथे तीस वर्षं मुलींना रांधून घालत होत्या.

नऊ वर्षांची तेजल मामाचा मार खाऊन दोन महिन्यांपूर्वी इथे आलेली. आता मामा हात जोडून तिला परत मागत होता.

“रडत नाही, भांडत नाही. मामाकडे जातेस का विचारलं, तर हसून हो म्हणाली.”

“त्याचाच मला संशय येतोय, साहेब.”

“खरं सांगू? मला तुमचाच येतोय. इतकी गुणी पोर तुम्हाला सोडवत नाहीये.”

भामाक्का उठून चुलीकडे वळल्या.

बालगृहात एक रीत होती. रोज एका मुलीनं आमटी चाखायची. तिनं होकार दिला, की मगच पंगत बसायची.

आक्कांनी वाटीत आमटी घेतली. साहेबांच्या देखत त्यात दोन चमचे मीठ ढवळलं आणि तेजलला हाक मारली.

लेकराला असलं काही पाजणं मला मुळीच पटत नाही. पण घडलं ते असं.

तेजलनं घोट घेतला. डोळ्यांत टचकन पाणी आलं, चेहरा मात्र हसराच.

“कशी झालीय गं?”

“छान झालीय, आक्का.”

“मीठ?”

“बरोबर आहे.”

ती दुसरा घोट घ्यायला लागली, तशी आक्कांनी वाटी काढून घेतली. तिला पाणी पाजलं, गुळाचा खडा दिला आणि खेळायला पाठवलं.

साहेबांनी आमटीला जीभ लावली अन् तोंड वाकडं केलं.

तेवढ्यात वर्षभरापूर्वी बालगृहात आलेली शबनम आत आली. वाटीत बोट बुडवून तिनं चाटलं.

“शी! आक्का, ध्यान कुठंय तुमचं? नुसतं मीठ आहे हे! मी नाही जेवणार जा!”

पाय आपटत ती निघून गेली.

साहेब वरमले. “हिच्या अहवालात मी ‘उद्धट’ असं लिहिलंय...”

आक्कांनी वाटी उचलली.

“आणि तेजलचं काय लिहू?”

आक्कांनी वाटी मोरीत ओतली.

“शबनमला ते ‘शी’ म्हणायला अकरा महिने लागले, साहेब.”