आबांच्या उसाची काहिल

"मग त्या चोराचं काय म्हणता, आबा?"

रस उकळत असलेल्या काहिलीवरची नजर न काढता शांतवननं विचारलं. बाण बरोबर बसला असं त्याला वाटलं. चुलवाणात चिपाडं सारणारा दगडूही हात थांबवून बघायला लागला.

"कुठल्या चोराचं?" याकोब आबा म्हणाले.

"क्रूसावरच्या. प्रभूच्या शेजारी टांगलेल्या. जन्मभर लुटालूट केली, खाल्लं, प्यालं. मरता मरता एक वाक्य बोलला आन् पोचला की थेट सुखलोकात! मग मीच काय कुणाचं घोडं मारलंय?"

दगडू फिस्सकन हसला. "ह्ये बेस हाय तुमच्यात!"

आबा हसले नाहीत. रागावलेही नाहीत. गुऱ्हाळाच्या खांबाला पाठ लावून बसले होते तसेच बसून राहिले. मांडीवर त्यांचा झारा आडवा होता.

त्या झाऱ्यावर शांतवनचा जीव होता.

पुरुषभर लांब दांडा, पुढं परातीएवढी पितळी जाळी. उसाचा रस तापला की मळी वर येते, ती ह्या झाऱ्यानं काढायची. आबांना तो त्यांच्या गुरूनं दिलेला. भोगावती नदीच्या काठानं रीतच पडली होती, ज्याच्या हाती तो झारा, तो पहिला गुळव्या. ऊस कुणाचाही असो, गूळ गुळव्याच्या हाताचा.

आणि शांतवनचा हात म्हणजे हात होता. उसाचं कांडं नुसतं दातानं सोलून सांगायचा, गूळ पिवळा उतरणार की तांबडा. बारा वर्षांत त्याची एक काहिल फसली नव्हती. हे त्याला विचारावं लागत नसे. तो आपण होऊन सांगायचा.

आज सकाळी आबा स्वतःच्या उसाची गाडी घेऊन आले होते.

"शेवटचा ऊस हाय माझा," म्हणाले होते. "पुढच्या साली रान दुसऱ्याकडं. नाताळात चर्चच्या मंडळीला गूळ वाटायचा. काहिल तू कर. मी बसून बघतो... आन् मग झारा कुणाचा ते ठरवतो."

झारा कुणाचा ते शांतवननं तिथंच, मनातल्या मनात ठरवून टाकलं.

पण आबांची एक खोड होती. नाताळ जवळ आला की एकच प्रश्न विचारायचे. सोळा वर्षं झाली, प्रश्नात एका शब्दाचा फरक नाही. आजही रस काहिलीत पडला नाही तोच विचारला.

"शांतवन, औंदा उभा राहणार का?"

उभा राहणार, म्हणजे मंडळीसमोर उभा राहून आपल्या तोंडानं सांगणार का, की माझा विश्वास कुणावर आहे. बाप्तिस्मा आईच्या मांडीवर झाला होता. पण तेव्हाचा शब्द आईचा. स्वतःचा शब्द शांतवननं अजून दिला नव्हता. नाही म्हणत नव्हता, हो म्हणत नव्हता. पुढच्या साली बघू, एवढंच म्हणत होता.

"मी काय न्हाई म्हणतोय का?" आताही तो म्हणाला. "हाताला जोर हाय तंवर हात चालू द्या. केस पिकू द्या, दात पडू द्या. मग बसतो की निवांत, आन् करतो त्याचा खडान्खडा इचार. खरं काय, खोटं काय, सगळं. प्रभू कुठं पळून चाललाय?"

"न्हाई," आबा म्हणाले. "तो कुठं पळतोय..."

दगडूनं जाळात चिपाडं सारली.

"त्या चोराला प्रभू कवा भेटला?" आबांनी हळूच विचारलं.

"त्याच दिवशी. क्रूसावर."

"आन् त्यानं मागितलं कवा?"

"त्याच दिवशी."

"म्हणजे भेटला त्या दिवशीच मागितलं."

"व्हय."

"आन् तुला भेटून किती वर्षं झाली?"

शांतवननं काहिलीत हातभर वाकून बघितलं. बघण्यासारखं तिथं त्या घडीला काही नव्हतं.

"आता बोलू नका, आबा. पाक येतोय."

"बरं," आबा म्हणाले.

आणि पाक खरंच येत होता. सकाळी शांतवननं भेंडीची खोडं ठेचून पाण्यात कोळली होती. ते बुळबुळीत पाणी कोमट रसात पडलं, तशी सगळी मळी गोळा होऊन काळी-हिरवी साय धरल्यासारखी वर आली. आपल्या झाऱ्यानं त्यानं ती अशी काढली, की रसात तळ दिसावा. मग जाळ वाढवला. आता त्या रसाचा सोन्यासारखा पाक झाला होता. बुडबुडे मोठे होऊन फुटत होते, आणि वास पार रस्त्यापर्यंत गेला होता.

गुऱ्हाळावर माणसं वासानं जमतात. चार जण भाकरी फडक्यात बांधून येऊन उभे राहिले.

शांतवनला तेवढंच पाहिजे होतं. त्यानं पाकाचा थेंब गार पाण्यात सोडला, चिमटीत गोळी वळली आणि काहिलीच्या काठावर मारली.

टण्!

"आजून एक उकळी," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मग बघा. असा गूळ तुमच्या बापजाद्यांनी चाखला नसंल!"

आबा उठले.

झारा टेकत टेकत काहिलीकडं आले. शांतवननं टॉवेल झटकून डोक्याला नीट गुंडाळला. छाती पुढं काढली. गुरूनं माणसांदेखत झारा द्यावा यापरता मान कुठला?

आबा वाटेत वाकले. भेंडीच्या पाण्याची अर्धी बादली सकाळपासून तिथंच राहिली होती. ती त्यांनी उचलली.

आणि ओतली काहिलीत. सगळी.

सूंऽऽ करून पाक फसफसला. सोन्यासारखा रंग गढूळ झाला. वर तारा सुटल्या, चिकट, शेंबडासारख्या.

"आबा! भेंडी?" शांतवन काहिलीकडं धावला. "आता? आता भेंडी घालतात व्हय?"

"का? भेंडीच हाय की. सकाळी तूच घातलीस."

"सकाळी! सकाळी रस पातळ होता, मळी वर येत होती! आता पाक झालाय! जे काय वर यायचं ते तवाच! राहिलं ते आत मुरलं! आता भेंडी ओता न्हाईतर आख्खी भोगावती ओता!"

"अस्सं," आबा म्हणाले. "म्हणजे घाई होती म्हण की."

कुणीतरी हसलं. बहुतेक दगडूच.

त्या हसण्यानं शांतवनचं टाळकं फिरलं. त्यानं आपला झारा जमिनीवर आपटला.

"म्हातारचळ लागलाय तुम्हाला!" तो बेंबीच्या देठापासनं ओरडला. "बारा वर्षांत माझी एक काहिल फसली न्हाई! एक! ह्या काठाला माझ्या तोडीचा गुळव्या न्हाई! तुमच्यापेक्षा सरस निघालो, त्येच बघवंना तुम्हाला! ऊस तुमचा असंल, पण काहिल माझी! नाव माझं! तुम्ही कोण माझं नाव बुडवणार?"

रस्त्याची माणसं खाली बघायला लागली. दगडूच्या हातातली चिपाडं हातातच राहिली.

...

काहिल एकटीच रटरटत होती.

शांतवनला आपलाच आवाज पत्र्यावर आपटून परत आल्यासारखा ऐकू आला. हे कुणाला म्हणालो आपण? बाप गेल्यावर ज्यांनी हाताला धरून चुलवाणाशी आणलं, त्यांना. पाकाची पहिली गोळी वळताना बोट भाजलं, तर फुंकर कुणी घातली होती? त्याच माणसाच्या धोतरावर आता पाकाचे थेंब उडून वाळत होते.

तोंडातनं गेलेलं परत घेता येईना. छाती मात्र भात्यासारखी वर-खाली होत राहिली.

"आबा..." दगडू चाचरत म्हणाला, "आन् नाताळचा गूळ?"

"गूळ न्हाई झाला तर काकवी वाटू," आबा म्हणाले. "पोरं बोटानं चाटतील."

शांतवनच्या काहिलीची काकवी! एरवी ह्या शब्दावर त्यानं माणसाचं नरडं धरलं असतं. आता त्यानं नुसती मान खाली घातली.

आबांनी आपला झारा दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्यापुढं धरला.

"घे."

शांतवन मागं सरला. "मला नगं. काहिल गेली, आबा."

"काहिल गेली. घे."

त्यानं घेतला. जन्मभर ज्याची आस धरली, तो झारा हातात आला तेव्हा वर बघायचं धाडस होईना. पितळी जाळीत दांड्यापाशी आबांच्या गुरूच्या हातचं एक जुनं ठिगळ होतं, त्याच्याकडंच तो बघत राहिला. मग काहिलीकडं बघितलं. तिथं वर काहीच नव्हतं, नुसता गढूळ पाक.

"ह्याचं काय करू आता?" त्यानं विचारलं. "काढायसारखं हितं काय राहिलंय, आबा?"

आबा जवळ आले. काहिलीकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. आपला भाजल्या डागांचा हात त्यांनी शांतवनच्या धपापणाऱ्या छातीवर ठेवला.

"हितं मळी वर आलीया," ते म्हणाले. "मुरायच्या आत काढ."