मुठीची टेकडी

आज सकाळपासून वारा पडला आहे. आभाळ निळं नाही, राखेत पाणी कालवावं तसं भुरकं झालंय, आणि माळावरची हवा तापल्या तव्यावरून उठावी तशी थरथरतेय. या असे, हिवराच्या सावलीत बसा. सावली विरळ आहे, पण आहे. ही गोष्ट घडली त्या दिवशीही असंच होतं म्हणतात. वैशाखाचा पहिला सोमवार होता आणि झाडाचं पान हलत नव्हतं.

तुम्ही जिल्ह्याची माहिती लिहायला आलात. मघाशी नकाशा मांडीवर पसरून विचारलंत, की बाबा, दोन जिल्ह्यांची हद्द सुतासारखी सरळ येते, मग इथंच कोपर मोडल्यासारखी का वाकते? आड नदी नाही, डोंगर नाही. बरोबर विचारलंत. मला अक्षर येत नाही, पण ते वाकण माझ्या पायांना ठाऊक आहे. नकाशावर ते नखाएवढं दिसत असेल. आणि त्या वाकणाच्या पलीकडं, दुसऱ्या जिल्ह्यात, ती बुटकी टेकडी बघा. दगड नाही तिच्यात. सगळी माती आहे, आणि ती देवानं केलेली नाही.

पूर्वी जिल्हे नव्हते. अलीकडं आमचं हिवरमाळ होतं, पलीकडं तोरणखेडं. मधे हा माळ. दोन्ही गावांची शीव तीन चिंचांपासून निघायची आणि नाकासमोर त्या काळ्या धोंड्याला जाऊन मिळायची. शिवेच्या पलीकडं वीसेक पावलांवर, तोरणखेड्याच्या हद्दीत, खडकाच्या कपारीत एक झरा होता. वाटीएवढा खळगा. भरला की उपसायचा, पुन्हा भरायची वाट बघायची. म्हणून त्याला वाटीचा झरा म्हणत. चांगल्या सालात दोन्हीकडच्या बाया तिथं पाणी भरायच्या आणि झरा कुणाचा हे कुणी विचारत नसे.

मग एकामागून एक दोन पावसाळे कोरडे गेले. हिवरमाळची विहीर खरवडली तरी चिखल निघेना. वाटीच्या झऱ्यावर भांडणं लागली, घागरी फुटल्या, एका बाईचं डोकं फुटलं. शेवटी दोन्ही गावांचे पंच चिंचांखाली बसले आणि ठरलं, की जुन्या रीतीनं शीव चालवायची.

रीत अशी होती म्हणे. शीव ठाऊक असलेला एक माणूस दोन्ही गावांनी मिळून निवडायचा. त्यानं अंघोळ करून, ओल्या अंगानं, दोन्ही गावच्या मातीचं ढेकूळ उघड्या डोक्यावर घ्यायचं आणि चालायचं. तो चालेल ती शीव. त्यानं मागं बघायचं नाही, मागं फिरायचं नाही, आणि त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. पलीकडच्या गावाचा एक साक्षी तेवढा त्याच्या मागून चाले. पाऊल चुकलंसं वाटलं, तर त्या साक्षीनं एकदा ‘थांब’ म्हणायचं. तो बोलला नाही तर शीव पक्की. आणि माती डोक्यावर घेऊन जो खोटं चालेल, त्याच्या गावावर पाऊस पडायचा नाही, अशी शपथ होती.

दोन्ही गावांनी एकच नाव घेतलं, सटवाजीचं. हिवरमाळचाच, पण जन्मभर त्यानं दोन्ही गावांची गुरं राखलेली. माळावरचा धोंडा न् धोंडा त्याच्या ओळखीचा. तोरणखेड्यानं साक्षी दिला केरबा. सटवाजीचं वावर शिवेच्या अलीकडं, केरबाचं पलीकडं. मधे नुसता बांध. चाळीस वर्षांचा शेजार. एकाची भाकर दुसऱ्याच्या फडक्यात.

सटवाजीला शीव ठाऊक होती. झरा आपला नाही हे त्याला लख्ख माहीत होतं. पण त्या सकाळी त्याची बायको भागा रिकामी घागर उंबऱ्यात पालथी घालून बसली होती. घरात सून बाळंत झालेली, तिला दूध येत नव्हतं. भागा म्हणाली, “जा. खरं चालून या. आणि येताना तुमचं खरं या घागरीत भरून आणा. पोराला पाजू.”

तो तसाच निघाला.

वेशीत पाटील उभा होता. “सटवाजी,” तो म्हणाला, “गावाची बाळं तुझ्या पायाशी आहेत एवढं ध्यानात धर. बाकी मी काही सांगत नाही.”

चिंचांखाली केरबा वाट बघत होता. ढेकूळ सटवाजीच्या डोक्यावर ठेवता ठेवता तो हसून म्हणाला, “मान ताठ ठेव लेका. जन्मात पहिल्यांदा तुझ्या डोक्यात काही जड आलंय.” सगळे हसले. सटवाजीही हसला म्हणतात. मग बोलणं बंद झालं.

निम्मी वाट तो सरळ चालला. घामाबरोबर माती डोळ्यांत उतरत होती. झऱ्याजवळ आला तेव्हा त्यानं मनात एक हिशोब मांडला. झरा एकदा आपल्याकडं आला, की केरबाला काय, सगळ्या तोरणखेड्याला पाणी भरू देऊ. आपण कुठं अडवणार आहोत? शिवेनं काय होतं, पाणी तर तेच. भला माणूस अशीच चूक करतो बघा. त्याला वाटतं, मागून निस्तरता येईल.

आणि तो वळला. झऱ्याला पलीकडून वळसा घातला आणि पुन्हा रेघेवर आला. मागं दोन्ही गावं उभी होती. सगळ्यांच्या नजरा केरबाकडं. केरबाच्या पायांना ती वाट चाळीस वर्षांची ठाऊक. त्याला एकच शब्द बोलायचा होता.

तो बोलला नाही. सटवाजीच्या पावलावर पाऊल ठेवून तोही वळला. काळ्या धोंड्याशी माती उतरली आणि शीव पक्की झाली.

त्याच संध्याकाळी हिवरमाळच्या पाटलानं झऱ्याभोवती बोरी-बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. सटवाजी धावत गेला, हात जोडले. पाटील म्हणाला, “शीव म्हणजे शीव. मी थोडीच आखली? तूच चाललास ना?”

आता काय बोलणार? खोटं चाललो म्हणावं, तर मातीची शपथ सगळ्या गावावर. गप्प बसावं, तर केरबाची गुरं दावणीला जीभ काढून पडलेली. तो गप्प बसला. भागानं घागर भरून आणली, नातू जगला. पण सटवाजीनं त्या झऱ्याचं पाणी तोंडाला लावलं नाही म्हणतात. गावकुसाबाहेर खड्डा खणून ओंजळभर गढूळ झिरपे, तेच गाळून प्यायचा.

महिना उलटला नाही तोच तोरणखेडं उठलं. आधी गुरं विकली, मग माणसं निघाली. कुणी नदीकाठाला गेलं, कुणी बायकोच्या माहेरी. केरबा सगळ्यांत शेवटी निघाला. गाडीला बैल नव्हते, बोचकं डोक्यावर होतं. वाकणावर सटवाजी भरली घागर घेऊन उभा होता. केरबा थांबला, ओंजळ पुढं केली, पोटभर प्याला. तोंड पुसलं, दोन शब्द बोलला आणि गेला. पुढं तो कुठं राहिला, कुणाला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सटवाजीनं वाकणाच्या आतली मूठभर माती उचलली आणि पलीकडं नेऊन टाकली. तिसऱ्या दिवशी आणखी एक. मरेपर्यंत रोज एक मूठ. घेतलेलं रान तो परत करत होता, येईल तसं. तो गेल्यावर भागा टाकू लागली, मग ती सून, मग तो नातू, मग सगळं गाव. त्याचीच ही टेकडी झाली असं सांगतात.

पुढं सरकार आलं, मोजणीचे साहेब आले, साखळी ओढली. त्यांनी जुने कागद बघितले आणि सटवाजीच्या पावलावरूनच जिल्ह्याची रेघ मारली. कागदाला काय ठाऊक? तोरणखेड्याचे आता चौथरे तेवढे राहिलेत, आणि त्या तीन चिंचा. आमच्या गावात नळ आलाय. वाटीचा झरा अजून भरतो, भरून वाहतो, पण घागर घेऊन कुणी जात नाही. चिमण्या पितात.

आजही वैशाखाच्या पहिल्या सोमवारी आम्ही सगळे अंघोळ करून, ओल्या अंगानं, न बोलता इथं येतो आणि एकेक मूठ माती पलीकडं टाकतो. गेल्या साली पोरं म्हणाली, आजोबा, अशानं जिल्ह्याची हद्द थोडीच हलणार? नाही हलणार. तरी टाकायची. माती टाकून झाली की गावातला सगळ्यांत म्हातारा माणूस टेकडीकडं तोंड करून केरबाचं ते जातानाचं बोलणं मोठ्यानं म्हणतो. आता सात सालं झाली, ते मीच म्हणतो.

त्या दिवशी पाणी पिऊन, तोंड पुसून, केरबा सटवाजीला म्हणाला होता, “तू वळलास तेव्हा मला वाटलं, गड्या, शीव मलाच नीट ठाऊक नसेल.”