विश्राम मुकादमाची हाक

मला सात भाषा येतात. सातही भाषांत मी ‘जेवलास का?’ असं झकास विचारतो. समोरचा उत्तर द्यायला लागला, की मान डोलावतो आणि वाढायला घेतो.

त्यामुळे विश्राम मुकादमाने बाबांना विचारलं, ‘मग हाक घालायची तरी कोणत्या भाषेत?’ तेव्हा बाबांच्या आधी मीच तोंड उघडलं.

‘मला विचार की!’

‘तू भात बघ, लखू.’

भात मी बघूनच आलो होतो. खाडीकाठी लाकडी मचवे बांधतात, तिथल्या सगळ्या गड्यांचा स्वयंपाक माझ्याकडे. शाळा माझी चौथीत सुटली. मी शाळेला सोडलं की शाळेने मला, यावर गुरुजींचं आणि माझं शेवटपर्यंत जमलं नाही. पण माझा भात कधी कच्चा राहिला नाही. एकदा राहिला होता. तो मी आंध्राकडचा प्रकार म्हणून खपवला, आणि आंध्राच्या अप्पलराजूने तो निमूट खाल्ला. त्याला वाटलं, कोकणातला प्रकार असेल.

बाबा म्हणजे नूरबाबा. दर्ग्याच्या बाजूला उंडीच्या झाडाखाली बसून काथ्याचा दोर वळायचे. कुणी मागितला की देऊन टाकायचे.

‘फकिराला दोर कशाला लागतो?’ असं मी एकदा विचारलं होतं.

‘मलाही तेच कळत नाहीये,’ ते म्हणाले, आणि पुढचा पीळ घातला.

आता विश्राम. नाव बघा. आईबापांनी काय बघून ठेवलं कोण जाणे. पोराच्या तोंडाला क्षणाचा विश्राम नाही. मुकादम म्हणून त्याचं हे पहिलंच काम. गावचे गडी मोठ्या बोटींवर निघून गेलेले, म्हणून त्याने मिळतील तिथून माणसं गोळा केली. ओरिसाचा जगबंधू आणि त्याचे भाऊबंद. नेपाळचा टेकबहादूर आणि त्याची माणसं. आंध्राचा अप्पलराजू आणि त्याचे सोबती. उरलेसुरले आम्ही.

मचवा बांधताना कुणाचं अडलं नाही. करवत हवी असली की हवेत करवत चालवायची. तहान लागली की अंगठा तोंडाकडे न्यायचा. मुकादमाचा राग आला की त्याच्यासारखं चालून दाखवायचं. हे सगळ्यांना सगळ्यात छान जमायचं.

अडलं ते मचवा पाण्यात ढकलायच्या वेळी. तेल चोपडलेल्या फळ्यांवरून तो खाली ओढायचा असतो. दोन्ही अंगांना दोर, दोन्ही दोरांवर माणसं, आणि सगळ्यांचा जोर एकाच क्षणी लागायला हवा. क्षण काही हवेत चालवून दाखवता येत नाही.

पहिल्यांदा विश्रामने मराठीत हाक दिली. आम्ही ओढलं. बाकीचे आमच्याकडे बघत राहिले.

विश्रामला वाईट वाटलं. माणूस मनाचा चांगला. कुणाला परकं वाटू नये म्हणून त्याने माझ्या चुलीपुढे बसून चारही भाषांतला ‘ओढा’ पाठ केला. आणि पुढच्या भरतीला खांद्यावर टॉवेल टाकून, दगडावर उभं राहून, कुणावर अन्याय न करता एकामागून एक चार हाका दिल्या.

‘ओढा! टाण! तान! लागंडी!’

ज्याने त्याने आपली हाक आली तेव्हाच ओढलं. काय शिस्त! पंगतीत वाढपी आपल्यापर्यंत येईस्तोवर थांबावं, तसे सगळे थांबले. मचव्याने आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे पाहिलं, आणि मग फळ्यांवरून उतरून म्हशीसारखा कुशीवर बसला. टेकबहादूरचा पाय चिरडता चिरडता वाचला, मुरगळण्यावर भागलं.

मग भांडण. कोण कुणाला काय म्हणालं ते एकालाही कळलं नाही. शिवी होती, एवढं मात्र सगळ्यांना कळलं.

मचवा कसाबसा सरळ करून पुन्हा फळ्यांवर उभा केला. पण त्यानंतर कुणी दोराला हात लावेना. बोचकी बांधून झाली. दुसऱ्या दिवशी पहाटे या पुनवेची शेवटची मोठी भरती होती. ती हुकली की पाणी मचव्यापर्यंत पोचणार नाही, गडी सकाळच्या गाडीने आपापल्या मुलखाला जाणार, आणि विश्रामचा पहिलावहिला मचवा उन्हात उभ्याउभ्या सांध्यांत उकलणार.

म्हणून तो संध्याकाळी बाबांकडे आला होता. मी आलो होतो गंमत बघायला.

‘चारही भाषा शिकलो, बाबा,’ विश्राम म्हणाला. ‘अजून काय शिकू?’

बाबांनी वळलेल्या दोराचं एक टोक त्याच्या हातात दिलं. दुसरं टोक स्वतः धरलं.

‘काय करू?’

‘धर.’

‘धरलं. पुढे?’

बाबांनी आपलं टोक सैल सोडलं. दोर मधोमध मातीला टेकला.

विश्राम गप्प झाला. बाबांनी दोर हळूच ताणून घेतला. खाडीवरून वारा आला. उंडीची पानं हलली…

‘म्हणजे बाबा, तुमचं म्हणणं असं की—’

दोर मातीत.

मला हसू आवरेना. विश्रामने माझ्याकडे डोळे वटारले, पण बोलला नाही. दोर पुन्हा वर आला.

…

असे ते दोघे बसले. सूर्य पाण्यात उतरला. दर्ग्याचा हिरवा झेंडा आधी काळपट झाला, मग दिसेनासा झाला. मी भाताची आठवण काढली आणि लगेच विसरलो. दोराकडे बघता बघता मला वाटायला लागलं, की तो श्वास घेतोय. किंचित इकडे, किंचित तिकडे. कोण कुणाला ओढतंय ते कळत नव्हतं.

‘बाबा,’ विश्राम एकदम कुजबुजला, ‘तुम्हाला खोकला येणार आहे.’

बाबा खोकले.

मग त्यांनी दोर गुंडाळून ठेवला. ‘जा आता. भात लागला याचा.’

खरंच लागला होता. त्या रात्री मी सगळ्यांना करपलेला भात वाढला आणि सातही भाषांत ‘जेवलास का?’ विचारलं. सातही भाषांत कुणी उत्तर दिलं नाही.

पहाटे खाडीवर इतकं धुकं होतं, की मचवा फळ्यांवर उभा आहे की ढगात, ते सांगता येऊ नये. पाणी चढत होतं. दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. गडी बोचकी घेऊन वाटेवर उभे होते, गाडीची वाट बघत. आपापल्या घोळक्यात, एकमेकांकडे पाठ करून.

विश्राम आला. तो थेट दगडाकडे जाईल असं मला वाटलं. तो दगडाजवळून पुढे गेला.

आमच्या किनाऱ्यावर मुकादम दोराला हात लावत नाही. विश्रामचा बाप मुकादम होता, त्यानेही कधी लावला नाही. दोर गड्यांचा, दगड मुकादमाचा, असं चालत आलेलं. विश्रामने खांद्यावरचा टॉवेल काढला, दगडावर ठेवला, आणि डाव्या दोराच्या अगदी शेवटच्या टोकाला जाऊन उभा राहिला. दोर उचलला. ओढला नाही. नुसता धरला.

‘अरे, एकटा काय करणार?’ मी ओरडलो.

त्याने मान वळवली नाही. बोललाही नाही. हा माणूस आजारी आहे, असं मला वाटलं.

बाबा उंडीखालून उठून आले होते. ते पाण्याशी उकिडवे बसले आणि खडे वेचायला लागले, जणू त्यासाठीच आले होते.

…

पहिलं बोचकं टेकबहादूरने खाली ठेवलं. तो लंगडत आला आणि विश्रामच्या पुढे दोर धरून उभा राहिला. विश्रामने फक्त त्याच्या पायाकडे पाहिलं. टेकबहादूरने पाय दोनदा आपटून दाखवला. बरा आहे.

मग जगबंधू आला. मग त्याचे भाऊबंद. अप्पलराजूने विडी विझवून कानावर ठेवली आणि पलीकडचा दोर उचलला. एकेक करून सगळे आले. धुक्यात तोंडं दिसत नव्हती. ओरिसाचा कोण, आंध्राचा कोण, कळायला मार्ग नव्हता. माझ्यापुढे कुणाची तरी पाठ होती. हो, मीही दोर धरला होता. चुलीवर पेज होती, तिला म्हटलं, तुझं तू बघ.

कुणी बोलेना. कुणी ओढेना.

वाटेवर गाडी आली. तिचे दिवे धुक्यात पिवळे होऊन थांबले. हॉर्न वाजला. कुणी मागे बघितलं नाही. गाडी गेली.

आता पाणी आमच्या पायांपर्यंत आलं. थंड. मग घोट्यापर्यंत. हातात दोर जड होता. हळूहळू तो जड वाटेना. त्याच्यात काहीतरी आलं होतं. पलीकडच्या टोकाला कुणी पाय रोवला, ते मला तळहातात कळलं. कुणीतरी श्वास आत घेतला. मग माझ्याही छातीत हवा भरली, मी भरली नव्हती तरी…

आणि मचवा निघाला.

आवाज नाही, धक्का नाही. झोपेत कूस बदलावी तसा तो हलला, फळ्यांवरून सरळ रेषेत घसरत आमच्या मधून गेला, आणि पाण्यावर जाऊन डोलायला लागला. धुक्यात त्याचं नाकाड तेवढं दिसत होतं. ते आमच्याचकडे बघत होतं.

क्षणभर सगळे तसेच. हातात सैल दोर.

मग जो कल्ला झाला! चारही भाषांत एकदम. अप्पलराजूने जगबंधूला उचलला. टेकबहादूरने मला उचलायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. कुणाचं काही कळत नव्हतं आणि सगळे होकार देत होते.

विश्राम भिजलेल्या पायांनी बाबांजवळ गेला. मीही मागोमाग.

‘बाबा, हाक कुणी दिली?’

बाबांनी एक खडा पाण्यात टाकला.

‘खरंच सांगा. मी ऐकली नाही. टेकबहादूर म्हणतो, जगबंधूने खूण केली. जगबंधू अप्पलराजूकडे बोट दाखवतो. अप्पलराजू या लखूकडे.’

‘तसा मी होतोच तिथे,’ मी म्हणालो.

बाबा हसले. काथ्याचा एक तुकडा कमरेतून काढला आणि वळायला लागले.

विश्राम त्यांच्यापुढे बसला. आता तो घाईत नव्हता. तरी मुकादमच तो.

‘दिवाळीनंतर दुसरा मचवा धरायचाय, बाबा. नवे गडी येतील. कुठले येतील, काय बोलतील, ठाऊक नाही. त्यांना मी काय सांगू?’

बाबांनी पीळ घातला. धुकं विरळ होत होतं. मचवा हळूहळू सगळा दिसायला लागला होता…

‘बाबा?’

…

मला राहवेना. इतकी साधी गोष्ट, आणि हा पोरगा बिचारा तोंडाकडे बघत बसलेला.

‘बाबा, तुम्ही सांगत नसाल तर मी सांगतो त्याला.’

बाबांनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं.

‘सांग की, लखू,’ ते म्हणाले. ‘कोणत्या भाषेत सांगतोस?’